‘जतन झालं’ हे वाक्य माझं

दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन आला. म्हणाले, “तुमच्या कॉम्प्युटरच्या धंद्यातले गमतीदार अनुभव लिहा, पण आमच्या वाचकाला कळेल असं.” कळेल असं लिहीन. गमतीचं मात्र माझ्या हातात नाही. एकतीस वर्षं मी प्रोग्रॅम लिहिले, त्यातली शेवटची काही शहापुरात घरी बसून, आणि आता ते बंद केलंय. बंद का केलं हे घरात कुणी विचारत नाही, कारण विचारलं की मी चिडते. इथे एकदाच लिहून टाकते. ज्याला वाचायचंय त्यानं वाचावं आणि मला विचारू नये.

धंदा काय ते आधी सांगते, नाहीतर पुढचं डोक्यावरून जाईल. संगणकाला काम सांगायच्या अनेक तऱ्हा आहेत. माझी हयात जिच्यात गेली तिला फंक्शनल म्हणतात. आमचा प्रोग्रॅम म्हणजे लहान लहान तुकड्यांची माळ, आणि प्रत्येक तुकडा भातगिरणीच्या यंत्रासारखा. वरून भात ओतलं की खालून तांदूळ. तेच भात ओतलं की तोच तांदूळ, मग गिऱ्हाईक सरपंच असो की आणखी कुणी. यंत्रानं इकडंतिकडं बघायचं नाही आणि मागच्या गिऱ्हाइकाचं काही पोटात ठेवायचं नाही. दुसरा नियम, एकदा नोंदलेलं खोडायचं नाही. तलाठ्याकडे फेरफार होतो तेव्हा जुनी नोंद फाडत नाहीत, खाली नवी घालतात. आमचंही तसंच. ह्या दोन नियमांवर माझा इतका जीव की बाकीच्या प्रोग्रॅमरांना मी खोडरबरवाले म्हणायचे, आणि तेही तोंडावर. तोंड पहिल्यापासून तिखट. नवरा म्हणतो, तू टोकावड्याची, घाटाखालचं वारं लागलंय तुला.

पण प्रोग्रॅम कितीही निगुतीनं लिहिला तरी चालतो दुसऱ्याच्या संगणकावर, आणि तिथे आपलं राज्य नसतं. माहेरच्या ओळखीचे एक बबनशेठ, टोकावड्याच्या पुढे त्यांच्या ब्रॉयलर कोंबड्यांच्या शेड. कुठल्या शेडला कधी लस द्यायची, तापमान कधी वाढवायचं, हे सांगणारा प्रोग्रॅम मी त्यांना करून दिला. माझ्या घरी सुतासारखा सरळ चालायचा. त्यांच्याकडे चालू केला की आडवा पडायचा. त्यांच्या मशीनवर एक जुनं काहीतरी होतं, माझ्याकडे त्याचंच नवं होतं, एवढाच फरक. तो सापडेपर्यंत मी चार वेळा फोनवर सांगितलं, “माझ्याकडे तर चालतंय.” आमच्या धंद्यात हे वाक्य दिवसातून दहादा म्हणतात. बबनशेठ शांतपणे म्हणाले, “ताई, तुमच्याकडं चालून माझ्या कोंबड्यांना काय उपेग?”

ह्या दुखण्यावरचं औषध म्हणजे कंटेनर. हायवेवरच्या ट्रेलरवर दिसतो तो नव्हे. लग्नाचा आचारी आठवा. तो येतो तो स्वतःची शेगडी, पातेली, मसाले, मीठसुद्धा घेऊन. तुमचं स्वयंपाकघर कसं आहे याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. तसा प्रोग्रॅम, त्याला लागणारं सगळं सामान आणि सामानाला लागणारं सामान, एका डब्यात भरून डबाच पाठवायचा. मग शहापुरात चालला तो मुरबाडातही चालतो. आमच्या भाषेतले डबे तर पहिल्याप्रथम अवाढव्य व्हायचे, कारण रांधायचं सामान, म्हणजे प्रोग्रॅम तयार करायची अवजारं, भलं मोठं. मग मी शिकले की रांधायचं एका डब्यात आणि वाढायचं दुसऱ्यात, लहानशा. तो लहान डबा पेनड्राइव्हवर घालून मी किन्हवलीवरून जाणाऱ्या एसटीनं मुरबाडला न्यायचे, कारण तिकडचं नेट म्हणजे आलं तर आलं.

आणि ह्या डब्यांच्या जगाची एक रीत आहे, ती नीट लक्षात घ्या. डबा दुरुस्त करायचा नसतो. बिघडला की काढून टाकायचा आणि मूळ साच्यातून नवा उघडायचा. आत जे काही साठलं असेल ते जुन्याबरोबर जातं. जे राहायला हवं ते डब्याबाहेर, संगणकावरच्या फोल्डरमध्ये ठेवायचं आणि तो फोल्डर डब्याला जोडायचा. जोडणी एका ओळीची असते. मी ही रीत शेकडो पोरापोरींना शिकवली.

आता मुरबाडची गोष्ट. तिथे एक संस्था होती, वनहक्काचे दावे करणाऱ्या कुटुंबांना मदत करणारी. ती चालवायचे त्यांना सगळे भाऊ म्हणत, मीही तेच म्हणते. जंगलजमीन पिढ्यान्‌पिढ्या कसणाऱ्याला ती नावावर मिळू शकते, पण आपण ती कायद्यातल्या तारखेच्या आधीपासून कसतोय ह्याला पुरावा लागतो. सातबारा नाही, पावती नाही, म्हणून पुराव्यात एक गोष्ट धरतात, ती म्हणजे ज्याचा स्वतःचा दावा नाही अशा म्हाताऱ्या माणसाचा जबाब, लेखी. भाऊंची पद्धत अशी की पाड्यावर जायचं, फुलस्केपवर लिहून घ्यायचं, वाचून दाखवायचं आणि तिथल्या तिथे अंगठा घ्यायचा. एका पावसाळ्यात त्यांची बॅग भिजली आणि कागदांचा लगदा झाला. त्याच आठवड्यात मी त्यांना भेटले.

मी म्हटलं, “भाऊ, कागद कशाला? आवाज रेकॉर्ड करा. शेताच्या कडेनं फोन घेऊन चाला, हद्द आपोआप नकाशावर येईल. लिहायचं ते सुगी झाल्यावर निवांत लिहा. माझ्या प्रोग्रॅममध्ये गेलेलं पुसलं जात नाही, ती माझी जबाबदारी.” भाऊ जरा घुटमळले. “अंगठा त्याच दिवशी घेतलेला बरा असतो ताई,” म्हणाले. मी त्यांना दोन नियम समजावले, फेरफाराचा दाखला दिला. भल्या माणसाला पटलं.

संस्थेत संगणकावर वंदना बसायची. पस्तिशीची, मुरबाडचीच, एक पोरगी शाळेत, सासू अंथरुणाला. कामात चोख आणि मला आवडायची, कारण न कळलेलं कळलं म्हणायची नाही. पाड्यांवरही तीच जायची, चढून, फोन घेऊन. परत आली की आवाज आणि हद्दी लॅपटॉपवर चढवायची. चढवलं की माझा प्रोग्रॅम दाखवायचा, ‘जतन झालं. आता फोनमधून काढायला हरकत नाही.’ फोन सारखे भरायचे म्हणून ते दुसरं वाक्य मी मुद्दाम घातलं होतं. लॅपटॉपच्या वरच्या भिंतीवर मी माझ्या हातानं कागद चिकटवला, ठळक अक्षरात. ‘अडलं तर दुरुस्त करत बसू नका. डबा काढून टाका, नवा उघडा.’ खाली दोन ओळींची आज्ञा, टाइप करायची. वंदनानं विचारलं होतं, “मॅडम, आतला काय जानार नाय ना?” मी म्हटलं, “वेडे, त्यासाठीच तर एवढा खटाटोप केलाय.”

टोकावड्याच्या पुढे, घाटाच्या पायथ्याशी एक ठाकूरवाडी आहे. अकरा घरांचे दावे तिथले, आणि एकदा पुरावा अपुरा म्हणून परत आलेले. त्या अकरा घरांचा पुरावा म्हणजे सोमाबाबा. सोमाबाबांना स्वतःची वीतभर जमीन नव्हती. जन्मभर त्यांनी वाडीची गुरं राखली. आणि गुराख्याला कुणाचं शेत कुठून कुठपर्यंत हे पाठ असावंच लागतं, कारण गुरं शिरली की शिव्या त्याला. कोणतं वावर कुणाच्या आज्यानं काढलं, मधला आंबा कुणी लावला, नाचणी कुठं आणि वरई कुठं, सगळं त्यांच्या डोक्यात. दावा नसलेला आणि सगळं ठाऊक असलेला वाडीत दुसरा माणूस नव्हता. वैशाखात वंदना त्यांच्याबरोबर दोन दिवस सगळ्या हद्दी फिरली. बाबांना दम लागायचा, बसायचे, परत उठायचे. तिनं सगळं फोनमध्ये घेतलं आणि मुरबाडला येऊन चढवलं. ‘जतन झालं’ असं आलं. तिनं फोन रिकामा केला.

पावसाळ्यात कुणाला उसंत? लावणी, बेणणी, सगळे चिखलात. भादव्यात सोमाबाबा गेले. भाऊ म्हणाले, “माणूस गेला, पण शब्द राहिलाय.” मला तेव्हा अभिमान वाटला. लिहायला नको वाटतं, पण वाटला होता हे खरं आहे.

नवरात्राच्या आधी एका सोमवारी लॅपटॉप अडला. वंदनानं भिंतीवरचा कागद वाचला आणि त्यात लिहिलं होतं तेच, तसंच केलं. डबा काढला, नवा उघडला. मग मला फोन.

“मॅडम, नावा सगली हायत. हद्दी पन दिसतात. पन आवाज वाजत नाय. एकाचा पन.”

मला कळायला दोन मिनिटंही लागली नाहीत. चैत्रात, रेकॉर्डिंगची मोहीम सुरू व्हायच्या आधी, मी प्रोग्रॅम जरा नीटनेटका केला होता. आवाजाच्या फाइली हद्दींमध्ये मिसळायच्या, ते मला डोळ्यांना खुपायचं, म्हणून त्यांना वेगळा फोल्डर दिला, वेगळ्या नावाचा. मुरबाडच्या लॅपटॉपवर डब्याला जोडलेला होता तो फक्त जुना फोल्डर. नवा जोडायची ती एक ओळ मी घातलीच नाही. घरच्या मशीनवर मी आळसानं वरचा अख्खा फोल्डर जोडून ठेवला होता, त्यामुळे माझ्याकडे चालत होतं. पाच महिने तेवीस म्हाताऱ्यांचे आवाज डब्याच्या पोटात पडून होते. डबा बंद-चालू केला तरी आतलं राहतं, त्यामुळे कुणाला पत्ता लागला नाही. काढून टाकला की जातं. रोज एक प्रतही निघत होती, पण ती जोडलेल्याच फोल्डरची. आणि लोकांचं बोलणं ऑफिसबाहेर न्यायचं नाही असा संस्थेचा नियम, तो मी स्वतः उचलून धरलेला, म्हणून माझ्या घरीही काही नव्हतं.

हे सगळं दोन मिनिटांत कळलं, आणि मग मी फोनवर वंदनाला विचारलं, “तू काय केलंस?”

हा प्रश्न मला छळतो. चूक कुणाकडूनही होते, पुढे-मागे माणूस स्वतःला माफ करतो. पण उत्तर माहीत असताना मी तो प्रश्न विचारला. आणि तिनं प्रामाणिकपणे सांगितलं, “मी डबा काढला, मॅडम.” मागे भाऊ उभे होते, त्यांनी ऐकलं. तिनं काढला, आवाज गेले. संगणक न कळणाऱ्याला ह्यात कळायला अवघड काय होतं?

मी दुसऱ्या दिवशी मुरबाडला गेले. चार दिवस त्या लॅपटॉपची डिस्क उकरली. पुसलेल्या फाइली कधीकधी परत मिळतात. मला तुकडे मिळाले, दोन सेकंद, पाच सेकंद, नुसती खरखर. वंदना रोज चहा आणून ठेवायची आणि दाराशी उभी राहायची. तिसऱ्या दिवशी म्हणाली, “मॅडम, कागदावर होता तसाच टाइप केला. एक अक्षर इकडंतिकडं नाय.” मी स्क्रीनवरून मान वर न करता म्हटलं, “बघतेय ना.” चौथ्या दिवशी भाऊंनी तिला सांगितलं की उद्यापासून येऊ नको. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ती माझ्या डोळ्यांदेखत दिली गेली आणि मी बॅगेत चार्जर भरत होते.

का गप्प राहिले? तेव्हा माझ्याकडे कारणं भरपूर होती. शहापूर तालुक्यातही हाच प्रोग्रॅम घ्यायचं चाललं होतं, आत्ता बोललं तर सगळ्यांचा विश्वास उडेल. आधी दुरुस्ती करू, मग सांगू. दिवाळी होऊ दे. दुरुस्ती मी त्याच संध्याकाळी केली, एक ओळ घातली, आणि माझ्या पद्धतीनुसार जुनं न खोडता खाली नवी नोंद केली, ‘किरकोळ बदल’. ती नोंद अजून आहे तिथे. आमच्यात काही पुसलं जात नाही.

बाकी बावीस म्हाताऱ्यांकडे भाऊ स्वतः परत गेले, कागद-पेन घेऊन. सगळे जिवंत होते, सगळ्यांनी पुन्हा सांगितलं, अंगठे दिले. एकानं भाऊंना टोमणा मारला म्हणे, “मशीन बहिरी झाली काय?” राहिले फक्त सोमाबाबा.

मार्गशीर्षात त्या अकरा दाव्यांची सुनावणी होती. भाऊंनी मला हद्दींचे नकाशे घेऊन बोलावलं. वाडीच्या वतीनं हिराबाई पुढे होत्या, पन्नाशीच्या, विधवा, उताराचं वावर एकटीनं कसणाऱ्या. पहिल्या फेरीत त्यांचाच दावा सगळ्यात आधी परत आला होता. समोरच्या साहेबांनी आवाज न चढवता, नीट विचारलं, “नकाशा ठीक आहे. पण हे वावर तुमच्या सासऱ्यापासूनचं आहे हे सांगणारं कोण?”

“सोमाबाबा,” हिराबाई म्हणाल्या.

“ते कुठे आहेत?”

“मशिनीत हाय तो.”

साहेबांनी भाऊंकडे बघितलं. भाऊ उभे राहिले आणि म्हणाले, आमच्याकडच्या एका मुलीच्या हातून ते पुसलं गेलं, मी क्षमा मागतो. हिराबाईंना हे कुणी सांगितलंच नव्हतं. भाऊंना धीर झाला नव्हता, आणि मला तर तोंडच नव्हतं. त्या एकदा भाऊंकडे, एकदा माझ्या हातातल्या लॅपटॉपकडे बघत राहिल्या. जबाब नाही म्हणून अकराही दावे नामंजूर होणार, हे तिथेच कळलं.

बाहेर व्हरांड्यात भाऊ पुन्हा वंदनाचं नाव घ्यायला लागले, “त्या पोरीनं...” आणि मी म्हटलं, “भाऊ, तिनं काही केलं नाही. जे गेलं ते माझ्यामुळे. मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे.” एवढं बोलायला मला अडीच महिने लागले. भाऊंनी चष्मा काढला, शर्टाला पुसला, परत घातला. म्हणाले, “अडीच महिने ती पोरगी फॅक्टरीत खोकी बांधतेय, ताई. मी तिला चारचौघांत बोललो.” मला वाटलं होतं ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं.

तशीच वंदनाच्या घरी गेले. ती नुकतीच कामावरून आलेली, सासूला पाणी पाजत होती. मी सगळं सांगितलं, चैत्रातला बदल, ती एक ओळ, सगळं. तिनं ऐकून घेतलं. तांब्या खाली ठेवून म्हणाली, “तुमाला फोनवरच कळला व्हता?”

“हो.”

“मंग मला का इचारलात, तू काय केलंस म्हनून?”

मी रडायला लागले. तिनं मला रडू दिलं, समजूत काढली नाही, आणि ते बरोबर होतं. मग म्हणाली, “मी रात्रन्‌दिवस आठवत बसायची मॅडम, कुठला बटन चुकला. कागद मला पाठ झालाय. पोरीचा अभ्यास घेताना पन मध्येच तोच यायचा.” भाऊ नंतर तिला परत बोलवायला गेले. ती गेली नाही. कॉम्प्युटरसमोर बसलं की आधी तो कागदच दिसतो म्हणाली.

पण वाडीवर जायला मात्र ती माझ्याबरोबर आली. “तुमाला रस्ता ठावं नाय,” एवढंच म्हणाली. खरंच ठाऊक नव्हता. माझं माहेर तिथून चार कोसांवर, त्या वाडीच्या हद्दींचे नकाशे मी इंचाइंचानं बघितलेले, आणि त्या वाडीत मी जन्मात पाय ठेवला नव्हता. उंटावरून शेळ्या हाकल्या, दुसरं काय. चढताना दहादा थांबले. वंदना पुढे जायची, उभी राहायची, मी आले की परत चालायला लागायची.

हिराबाई अंगणात वरई झोडत होत्या. बसा म्हणाल्या, पाणी दिलं. आणखी दोघीतिघी येऊन टेकल्या, कारण नामंजुरीचं सगळ्यांना कळलं होतं. मी पुन्हा सगळं सांगितलं, ह्या वेळी डबा, फोल्डर काही न म्हणता. म्हटलं, बाबांचं बोलणं मी चुकीच्या जागी ठेवलं आणि ते गेलं. वंदनाचा त्यात काही दोष नाही. हिराबाई वंदनाकडे वळून म्हणाल्या, “तुज्यावर घातला व्हता गो ह्यांनी?” वंदनानं हो म्हणून मान हलवली. कुणीतरी म्हणालं की भाऊ वरती अपील करणार आहेत. कुणीतरी म्हणालं, अपिलात तरी कोण सांगनार. सोमाबाबांच्या वयाचं उरलंय कोण, आणि जे उरलेत ते सगळे दावेदार.

मग हिराबाईंच्या मनात काहीतरी आलं. त्या जरा पुढे सरकल्या. त्यांच्या चेहऱ्यावर एकदम आशा दिसली.

“पन बाई, तुमी ऐकला आसंल ना? तुमच्या मशिनीत व्हता. बाबानी काय सांगला ता तुमी ऐकलाच आसंल. तुमचा काय दावा नाय हितं. तुमी शिकल्या-सवरल्या. तुमी सांगा सायबाला, बाबा आसा आसा बोलला, सासऱ्याचा नाव घेतला, आंब्याचा बोलला. कागदावर तुमी लिवून द्या. आमी सगली अंगठं देताव.”

कायद्यानं ते चाललं असतं की नसतं, देव जाणे. तो प्रश्न नंतरचा होता. त्यांचा प्रश्न साधा होता, मी ऐकलं होतं का. आणि मी ऐकलं होतं. एकदा नव्हे, सहासात वेळा. जेठात मुरबाडच्या ऑफिसात बसून, कानाला हेडफोन लावून. बाबांचं रेकॉर्डिंग सगळ्यात लांब, म्हणून तपासायला मी तेच घ्यायचे. त्यांचा आवाज बारीक होता, तो वाजवतानाच मोठा करायचा तुकडा मी लिहिला, डब्याबाहेर, सुगीनंतर आत घालायचा म्हणून. मागे वारा घोंघावत होता, तो कमी केला. बाबा मध्येमध्ये खोकायचे आणि थांबायचे, त्या थांबलेल्या जागा कापणारा एक छोटासा तुकडा लिहिला आणि त्यावर फार खूष झाले. सहासात वेळा तो माणूस माझ्या कानात अकरा घरांच्या हद्दी सांगत होता, नावं घेऊन, झाडं सांगून.

मी डोळे मिटून आठवायचा प्रयत्न केला. खरंच केला, त्या अंगणात, सगळ्या बघत असताना. वारा आठवला. खोकला आठवला. एक नाव, एक झाड, एक शब्द आठवेना, कारण तो मी ऐकलाच नव्हता.

“सांगा ना बाई,” हिराबाई म्हणाल्या. “काय म्हनला बाबा?”

मी म्हटलं, “आवाज स्वच्छ आला होता.”